गाण्याचे पैसे कुणाच्या गल्ल्यात पडले?

ताई, नमस्कार.

कन्ना चौकाच्या अलीकडे माझं मोबाईलच्या वस्तूंचं दुकान आहे. त्याच गाळ्यात आधी वडिलांचं कॅसेटचं दुकान होतं. कव्हर, चार्जर, रिचार्ज यांत आता काही उरत नाही. चार पैसे सुटतात ते पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड भरण्यात. रिक्षावाले, उसाच्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर, लूमवरची पोरं येतात. 'मालक, फुल्ल भरून द्या की,' म्हणतात. मी पन्नास रुपये घेतो. गाण्याचे घेत नाही, भरण्याचे घेतो.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेवर गाणं केलं. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू. शब्द त्याचे, चाल त्याची, आवाजही त्याचाच. साठवलेले अठरा हजार स्टुडिओत घातले. गाणं चाललं. मी ते 'यात्रा स्पेशल' फोल्डरात टाकलं आणि येईल त्याला भरून दिलं. खरं सांगतो, अभिमानाने दिलं. एक दिवस तो दुकानात बसलेला असताना एका गिऱ्हाइकाने नेमकं तेच फोल्डर मागितलं. भाचा काही बोलला नाही. हसला आणि उठून गेला. तेव्हापासून घरी येत नाही. बहीण म्हणते, विषय काढू नकोस.

आता दुसरी बाजू. आईसाठी मी एका अ‍ॅपचं वर्षाचं सदस्यत्व घेतलं, शे-दीडशे भावगीतं आणि अभंग डाउनलोड करून दिले. वर्ष संपलं, पैसे भरायचे राहिले आणि एका सकाळी आईच्या फोनवर एकही गाणं वाजेना. माझी मुलगी म्हणते, 'पप्पा, विकत घेऊन आपलं होत नसेल तर फुकट घेणं ही चोरी कशी?' मला तिचं पटतं. तुम्ही सांगा, मी चोर आहे का?

आणि लोक घरच्या जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून मागतात. परवा एक आजी यजमानांच्या भजनाची कॅसेट घेऊन आल्या. तेही काम सोडू का?

एक दुकानदार, सोलापूर

दादा,

तुमच्या पत्रात मी अडकले ती 'हसला आणि उठून गेला' या चार शब्दांवर. भांडला असता तर तुम्ही समजूत काढली असती, दोन दिवसांत मिटलं असतं. मामाच्या दुकानात, मामाच्याच स्टुलावर बसून परक्या माणसाच्या तोंडून आपल्या गाण्याची मागणी ऐकायची, मामाने ती पुरवलेली बघायची आणि त्यातला एक रुपया आपला नाही हेही बघायचं. तरणं पोर आहे. हसण्यावारी नेलं म्हणजे विसरलं असं नव्हे.

आधी ते 'भरण्याचे घेतो' बाजूला ठेवू. भरण्यात तुमची मेहनत आहे हे मला मान्य. नॉनस्टॉप वेगळं, हलगी वेगळी, भक्तिगीतं वेगळी, ड्रायव्हरला चालत्या गाडीत सापडतील अशी नावं. हे सगळ्यांना जमत नाही. पण तेवढीच मेहनत घेऊन तुम्ही नुसती रिकामी फोल्डरं लावून दिली असती तर कुणी पाच रुपये तरी ठेवले असते का गल्ल्यावर? माणूस गाण्यासाठी येतो. पन्नासाची नोट गाण्यासाठी निघते. तुम्हाला हे ठाऊक आहे, म्हणून तर त्या वाक्याची गरज पडते.

तुमचं दुकान पूर्व भागात. घरात नाहीतर शेजारी कुणीतरी मागावर बसलेलं असणारच. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी बाहेरगावी विणलेली हलकी चादर 'सोलापुरी' म्हणून रस्त्याकडेला विकली जाते तेव्हा आपण कसे चवताळतो! आपल्या माणसाच्या घामावर दुसऱ्याने पोळी भाजली, असं वाटतं. गाण्याच्या बाबतीत मात्र तोच माणूस म्हणतो, 'त्यात काय, कॉपी-पेस्ट तर आहे.'

अर्थात ही तुलना फार ताणायची नाही, कारण पुढे ती फाटते. नकली चादर गिऱ्हाइकाला फसवते. तुमच्या पेनड्राइव्हमधलं गाणं अस्सलच असतं. चादर उचलली तर गठ्ठ्यातली एक कमी होते. गाण्याची प्रत काढली तरी मूळ गाणं जागच्या जागी राहतं. म्हणून गाण्याची कॉपी म्हणजे थेट दुकान फोडणं, असं जे बड्या कंपन्या सांगत आल्या ते मला कधीच पटलं नाही. प्रत्येक कॉपीमागे एक विक्री बुडाली हा त्यांचा हिशोबही खोटा. ज्या पोराच्या खिशात दमडी नाही त्याने मित्राकडून गाणं घेतलं, तर तो एरवी ते विकत घेणार होता थोडाच? इथवर मी तुमच्या मुलीच्या बाजूची आहे.

पण हा बचाव त्या पोराला लागू पडतो, तुम्हाला लागू पडत नाही. तुमच्या ट्रॅक्टरवाल्याने पैसे मोजले. 'लोक गाण्याला पैसे देत नाहीत' हे रडगाणं तुमच्या दुकानात तरी खोटं ठरलं. लोकांनी दिले, राजीखुशीने दिले, ते फक्त चुकीच्या गल्ल्यात पडले.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. कॉलेजात असताना वहीच्या पानावर यादी लिहून मी ती नवी पेठेतल्या एका रेकॉर्डिंगवाल्याकडे देत असे. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, दोन्ही बाजूंना निवडक गाणी, आठवड्याने मिळणार. तेव्हा ही चोरी आहे असं मनाला शिवलंही नाही. मैत्रिणीला वाढदिवसाला अशी कॅसेट देणं हा तर मोठा मान होता. त्या कॅसेटची लाज मला आजही वाटत नाही. त्या रेकॉर्डिंगवाल्याचं काय, हा प्रश्न मात्र तुमचं पत्र आल्यापासून डोक्यात आहे. मी एका मैत्रिणीला दिली. तो रोज वीस जणांना विकत होता. रीत एकच, तरी माप वेगळं.

कायदाही साधारण इथेच रेघ ओढतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रास्त वापराला हक्कभंग मानत नाही. कलम ६३ मात्र जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगतं. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. तुमचं तर धंद्यातच बसतं. आणि पेपरात 'अमुक गुंड एमपीडीएखाली स्थानबद्ध' अशी बातमी वाचता ना? १९८१ च्या त्या कायद्याच्या लांबलचक नावात हातभट्टीवाले, वाळू तस्कर यांच्या पंगतीला व्हिडिओ पायरेटही बसवले आहेत. पन्नास रुपयांच्या पेनड्राइव्हसाठी कुणी तिथवर जाईल असं मला वाटत नाही, जाऊही नये. पण पंगत कुठली ते माहीत असावं.

तुमच्याकडे येणारा एखादा डीजेवाला म्हणेल, लग्नात गाणी वाजवायला तर सूट आहे. आहे. वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ कलम ५२ मध्येच सोडलेले आहेत. ती सूट वाजवण्याला आहे, भरून विकण्याला नाही.

आता आईच्या फोनचं. इथे तुमचा राग रास्त आहे आणि मी तुमच्यासोबत रागावते. मात्र झालं काय ते नीट समजून घ्या. लग्नाला आपण मंडपवाल्याकडून गाद्या-लोड आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा टेम्पो दारात उभा राहतो, गाद्या जातात. कुणी त्याला चोर म्हणत नाही, कारण भाडं ठरलेलं असतं. तुमचं सदस्यत्व हे असंच भाडं होतं. अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणं फोनमध्ये असतं खरं, पण कुलपात. किल्ली कंपनीकडे. मुदत संपली की किल्ली परत घेतात, गाणं फोनमध्ये असूनही मुकं होतं. राग यायला हवा तो हे भाडं असल्याचं कुणी ठळक अक्षरात सांगत नाही याचा. 'डाउनलोड' या शब्दाने आईला काय, तुम्हालाही वाटलं की गाणी आता घरात आली.

ही कुलपं आजची नाहीत आणि त्यांचा इतिहास फारसा गौरवाचाही नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजी या बड्या कंपनीने आपल्या काही सीड्यांना असं कुलूप घातलं की सीडी संगणकात घातली की एक प्रोग्रॅम गुपचूप आत शिरून लपून बसे, आणि त्याच आडोशाला इतर व्हायरसही लपू शकत. ऑक्टोबरअखेर एका संगणकतज्ज्ञाने ते उघड केलं, जगभर बोभाटा झाला, कंपनीला सीड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. गंमत बघा, ज्याने पैसे मोजून सीडी घेतली त्याच्याच संगणकात हा पाहुणा घुसला. इंटरनेटवरून फुकट उतरवून घेणाऱ्याच्या केसालाही धक्का लागला नाही. अ‍ॅपलच्या आयट्यून्सवर २००३ पासून गाणी कुलपासकट विकली जायची. २००९ मध्ये ती कुलपं काढली, म्हणून दुकान बुडालं नाही. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं आणि पुढच्याच वर्षी बंद केलं. पण तिथली गाणी साध्या एमपीथ्रीत मिळत. ज्यांनी विकत घेऊन नीट जपून ठेवली, त्यांची गाणी दुकान गेल्यावरही वाजत राहिली. विक्री म्हणायची तर ती अशी असावी. सोलापुरी चादर एकदा घरी आणली की ती पांघरा, धुवा, जुनी झाली की पायपुसणं करा. विणणारा मागून येऊन विचारत नाही.

कायद्यातही या कुलपांची गोष्ट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ अ आलं: हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी तोडलं तर ते लागू होत नाही. पण दुसऱ्याला तोडून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कशासाठी तोडलं याची पूर्ण नोंद ठेवायची आहे. म्हणजे कुणी तुमच्याकडे कुलूपबंद फायली घेऊन आला तर रजिस्टर तुम्ही ठेवायचं. तेव्हा त्या फंदात पडू नका हे बरं.

तर मुलीचा प्रश्न. ती ज्याच्यावर चिडली आहे त्याच्यावर चिडणं बरोबर आहे. चूक आहे ती वसुलीत. आईची गाणी मुकी केली अ‍ॅपवाल्याने; त्याची भरपाई तुम्ही काढलीत भाच्याकडून. त्याने काय कुलूप लावलं होतं? दूधवाल्याने पाणी घातलं म्हणून भाजीवालीचे पैसे बुडवायचे, असलाच हा प्रकार.

'सगळं कंपन्याच खातात, गाणाऱ्याला काय मिळतं,' हेही लोक म्हणतात आणि त्यात तथ्य होतं. गीतकार-संगीतकार एकदा सही करून सगळे हक्क देऊन टाकायचे आणि पुढे गाणं कितीही वाजो, त्यांना काही नाही. २०१२ च्याच दुरुस्तीने, ज्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, रॉयल्टीतला त्यांचा निम्मा वाटा त्यांना लिहूनही देता येणार नाही असा केला. पण तुमच्या भाच्याच्या बाबतीत हा मुद्दाच उरत नाही. शब्द त्याचे, चाल त्याची, गळा त्याचा आणि ध्वनिमुद्रणाचा खर्चही त्याचाच. मधे कंपनी नाही. त्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मधे उभे होतात ते तुम्ही.

मला ठाऊक आहे, तुमच्या ओठावर आहे: 'पण मामाने गाणं गावभर केलं, जाहिरात झाली!' झालीही असेल. ट्रॅक्टरवर वाजल्याशिवाय इकडे गाणं चालत नाही हे मीही बघते. पण फुकट वाटायचं की नाही हे ठरवायचं त्याने. त्याने स्वतः शंभर पेनड्राइव्ह फुकट वाटले असते तर ती त्याची हौस होती. तुम्ही त्याची हौस विकलीत, आणि विचारलंही नाहीत. मला वाटतं त्याला पैशापेक्षा हे न विचारणं लागलं असावं. परका असता तर शिव्या देऊन मोकळा झाला असता. मामाला काय म्हणणार?

म्हणून बहिणीचं ऐकू नका. विषय काढा. बहिणीला मधे घालू नका, तिच्या घरच्या जेवणात काढू नका, त्याला दुकानातही बोलावू नका. तो काम करतो किंवा बसतो तिथे तुम्ही जा. जाण्याआधी एक काम करा: यात्रेच्या त्या महिन्या-दीड महिन्यात 'यात्रा स्पेशल' किती जणांना भरून दिलं, त्याचा अंदाज कागदावर मांडा. तो कागद घेऊन जा. त्यात हुशारी करू नका. 'एका पेनड्राइव्हमध्ये आठशे गाणी, त्यात तुझं एक, म्हणजे पन्नास रुपयांत तुझे सव्वासहा पैसे,' असा हिशोब मांडलात तर तो पुन्हा हसेल आणि मग कायमचाच जाईल. गिऱ्हाइकाने आठशे गाणी मागितली नव्हती, ते फोल्डर मागितलं होतं. आकडा त्याला सांगू द्या. तो 'राहू दे मामा' म्हणेल, नव्वद टक्के म्हणेलच. तरी पैसे द्या आणि देताना 'गाण्याचे' म्हणून द्या. लग्नात बघू, घड्याळ घेतो, दिवाळीला कपडे करतो असलं काही करू नका. आहेर वेगळा, मजुरी वेगळी. विणकराच्या घरात हे मी सांगायला नको.

आणि त्याला विचारा, गाणं फोल्डरात ठेवू की काढू? काढ म्हणाला तर काढा, पुढच्या यात्रेला होम मैदानावर कुणी कितीही मागो. ठेव म्हणाला तर दर ठरवा, कागदावर लिहा आणि गल्ल्यापाशी त्याचा क्यूआर कोड लावा. शिवाय त्याला सांगा, गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, तिचा सभासद हो. गाणं रचलं त्या क्षणी हक्क त्याचा झालाच आहे, नोंदणीवाचून अडत नाही. पण वसुली एकट्याने होत नाही.

राहिलं दुकान. हे लिहिताना मला जरा अवघड वाटतं, कारण तुमचं भाडं मला भरायचं नाही. एका रात्रीत हार्ड डिस्क पुसा असं सांगून मी मोकळी होईन, पण तुम्ही ते करणार नाही हेही दिसतंय. तरी निदान इथून सुरुवात करा: सोलापूर आणि आसपासच्या गाणाऱ्यांची, हलगीवाल्यांची, भजनी मंडळांची जी गाणी डिस्कवर आहेत, ती आज काढा. त्यांच्या पोटावर तुमचा पाय थेट पडतो. मग त्यातल्या दहा-पंधरा जणांना भेटा, लेखी संमती घ्या आणि त्यांच्याच गाण्यांचा यात्रेचा पेनड्राइव्ह काढा, हिस्सा ठरवून. गाणी आधीच भरलेल्या वस्तूला लोक पैसे देतात याचा मोठा पुरावा हवा असेल तर २०१७ मध्ये आलेला सारेगामाचा 'कारवाँ' बघा. पाच हजार जुनी गाणी भरलेला रेडिओसारखा डबा. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी पोरांनी हजारो रुपये मोजून नेला. काम तुमचंच, फक्त परवानगीने केलेलं. बाकीची फिल्मी गाणीही थांबवायला हवीत, आणि तुमचा गल्ला त्याने हलका होईल हे मी लपवत नाही. जाहिराती ऐकवून फुकट गाणी देणारी अ‍ॅप आहेत. रिक्षावाल्याला ते लावून द्या, ब्लूटूथ जोडून द्या आणि त्याचे वीस रुपये घ्या.

आईसाठी मात्र अ‍ॅप नको. तिच्या आवडीच्या गाण्यांच्या सीड्या किंवा कुलूप नसलेल्या फायली विकत घ्या. नाहीतर तुमच्या वडिलांच्या दुकानातल्या कॅसेट कुठे माळ्यावर असतील तर त्या उतरवा.

आता कॅसेटचं काम. ते सोडू नका. ज्याची कॅसेट, त्यालाच प्रत, तीही घरी ऐकण्यासाठी. यात मला वावगं काही दिसत नाही. फक्त आपल्या डिस्कवर प्रत ठेवायची नाही आणि एकाची कॅसेट दुसऱ्याला भरून द्यायची नाही. 'जुनी आहेत, आता कुणाची?' असं गिऱ्हाईक म्हणेल, त्याला भुलू नका. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, तर शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ च्या डिसेंबरात गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत आहे. आपल्या राम जोशींच्या लावण्या पेशवाईतल्या, त्या कुणीही गाव्यात. पण आज कुणी त्या गाऊन मुद्रित केल्या तर ते मुद्रण त्याचं.

त्या आजींची कॅसेट तर आधी करा. यजमानांचा आवाज आहे, घरी भरलेली असेल तर दुसरी प्रतही नसणार. लगेच प्लेअरमध्ये घालू नका. आधी हेड आणि रबरी रोलर स्पिरिटच्या कापसाने पुसा, रील बोटाने थोडी फिरवून चिकटलेली नाही ना ते बघा, आतली नमद्याची पट्टी गळून पडली असेल तर दुसऱ्या कॅसेटची काढून बसवा. मग एकदा शेवटपर्यंत पुढे, एकदा मागे, आणि मग वाजवा. पूर्ण वेळ समोर बसून भरा, मधे रिचार्जला उठू नका. झालं की आजींना कानाला हेडफोन लावून तिथेच ऐकवा. आणि पन्नास नाही, शंभर घ्या. हे खरोखर भरण्याचे आहेत.